गाडी लोअर करायची आहे: स्प्रिंगा बदलायच्या की कॉइलओव्हर बसवायचे?

चाक आणि मडगार्ड यांच्यामधली ती रिकामी फट एकदा डोळ्यांत खुपायला लागली की गाडी खाली बसवल्याशिवाय चैन पडत नाही. मग "लोअरिंग स्प्रिंगा टाकू की कॉइलओव्हर?" असा प्रश्न येतो, आणि ज्याने जे बसवलं असेल तो तेच सुचवतो. माझ्या मते हा प्रश्न दोन पायऱ्या आधीच विचारला जातो. गाडी खाली घेताना तुम्ही उंचीबरोबर चाकाची वर जाण्याची जागाही कमी करत असता. ती जागा तुमच्या गाडीत मुळात किती आहे हे मोजलं की किती खाली जायचं ते ठरतं, आणि किती खाली हे ठरलं की स्प्रिंग की कॉइलओव्हर हा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

नेमकं काय बदलतं

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरतो. दोघांची कामं वेगळी आहेत, पण खरेदी करताना नेमकं हेच विसरलं जातं.

लोअरिंग स्प्रिंग म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगच्या जागी बसणारी, थोडी आखूड आणि थोडी कडक स्प्रिंग. शॉकअप, माउंटिंग, बुश सगळं जुनंच राहतं. आयबाख प्रो-किट किंवा एच अँड आर स्पोर्ट ही यातली ओळखीची नावं. अशा स्प्रिंगांनी गाडी साधारण २५ ते ४० मिमी खाली येते आणि ती उंची कायमची, नंतर कमी-जास्त करता येत नाही.

कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी जुळवलेली जोडी म्हणून येतात. शॉकअपच्या अंगावर आटे असतात, त्यावर फिरणाऱ्या रिंगेवर स्प्रिंग टेकते आणि रिंग वर-खाली करून उंची बदलता येते. खरं तर शॉकअपभोवती स्प्रिंग ही मांडणी नवी नाही. आज बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांच्या पुढच्या बाजूला असणारा मॅकफर्सन स्ट्रट असाच असतो. कॉइलओव्हरचं वेगळेपण आट्यांत, आखूड केलेल्या शॉकअपमध्ये आणि त्याच्या आतल्या व्हॉल्व्हिंगमध्ये, म्हणजे उसळी आवरणाऱ्या तेलाच्या झडपांच्या जुळणीत, आहे. जाहिरातीत आटे ठळक दिसतात, बाकीच्या दोन गोष्टी दिसत नाहीत.

पहिली पायरी: शिल्लक हालचाल मोजा

गाडी सपाट जमिनीवर, रोजच्या वजनासह उभी करा. चारही टायरमध्ये हवा योग्य दाबाची असू द्या. आता चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर टेप लावून अंतर मोजा. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, कारण त्यात टायरची झीज आणि हवेचा दाब मिसळतो. चारही आकडे लिहून ठेवा. डावी-उजवी बाजू आत्ताच पाच मिमीने वेगळी निघाली तरी नवल नाही, पण ते आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर नंतर दोष नव्या स्प्रिंगांवर जातो.

यानंतरचं मोजमाप जास्त महत्त्वाचं आणि ते जवळजवळ कुणीच घेत नाही. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर वरच्या टोकाला फोमसारखा दिसणारा एक ठोकळा असतो, तो बंपस्टॉप. चाक वर जाताना शॉकअपचं तोंड या ठोकळ्याला टेकलं की तिथून पुढे स्प्रिंगऐवजी तोच गाडी पेलायला लागतो. धुळीचं रबरी कव्हर वर सरकवून, गाडी चाकांवर उभी असताना, शॉकअपचं तोंड आणि बंपस्टॉपची खालची कड यांच्यातलं अंतर बघा. पुढच्या चाकासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हात आत जातो.

प्रत्यक्ष रस्त्यावर यातली किती जागा वापरली जाते हेही कळू शकतं. दांड्याला एक बारीक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट न आवळता बांधा, ती शॉकअपच्या तोंडापर्यंत खाली सरकवा आणि रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेगाने फिरून या. परत आल्यावर टाय जिथे थांबली असेल तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला होता. टाय बंपस्टॉपला जाऊन भिडलेली असेल, तर तुमची गाडी आहे त्याच उंचीवर सगळी जागा वापरते आहे. अशा गाडीला चाळीस मिमी खाली नेणं म्हणजे रोज ठोकळ्यावर गाडी चालवणं.

थोडं गणित, पण कामाचं

समजा एका पुढच्या चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन ३०० किलो आहे. चाकापाशी मोजलेला मूळ कडकपणा मिलिमीटरला २.२ किलो, आणि बंपस्टॉपपर्यंतची जागा ८० मिमी. म्हणजे ठोकळ्याला टेकण्याआधी ही स्प्रिंग ८० गुणिले २.२, सुमारे १७६ किलो जादा भार पेलते.

आता ३५ मिमी खाली नेणारी स्प्रिंग टाकली. ती कडक आहे, मिलिमीटरला २.८ किलो, म्हणजे जवळपास २७ टक्के जास्त. पण जागा उरली ४५ मिमी. ४५ गुणिले २.८ म्हणजे १२६ किलो. स्प्रिंग कडक होऊनही गाडी ठोकळ्यावर आधी बसायला लागली! लोअरिंग स्प्रिंगनंतर "गाडी फार कडक झाली" अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा कडक झालेली असते ती स्प्रिंग नव्हे. जाणवतो तो बंपस्टॉप.

हीच स्प्रिंग २० मिमीच खाली नेत असती, तर ६० गुणिले २.८ म्हणजे १६८ किलो. मूळच्या जवळपास तेवढेच. म्हणून साधारण २० ते ३० मिमीपर्यंतची लोअरिंग स्प्रिंग समजूतदार वाटते आणि त्याच्या पुढे गाडी बिनसते. आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे असतात, पण हिशोब हाच. वापरातल्या बऱ्याच लोअरिंग स्प्रिंगा दाबल्या जाताना हळूहळू कडक होणाऱ्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा दिलासा मिळतो.

कॉइलओव्हरमध्ये समजा मिलिमीटरला ६ किलोची स्प्रिंग आहे. स्ट्रटच्या तिरकेपणामुळे चाकापाशी ती ५.४ च्या आसपास जाणवेल. ४५ मिमीमध्ये ती २४३ किलो पेलते, ठोकळा लांब राहतो. पण गाडीची उसळण्याची चाल पार बदलते. मूळ गाडी सेकंदाला सुमारे १.३५ वेळा वर-खाली होऊ पाहते, लोअरिंग स्प्रिंगवर १.५ आणि या कॉइलओव्हरवर २.१. रोजच्या वापराच्या गाड्या साधारण १ ते १.५ च्या पट्ट्यात असतात. दोनच्या पुढे गेल्यावर मागच्या सीटवरची मंडळी बोलायला लागतात.

आणखी एक गोष्ट याच हिशोबातून निघते. स्प्रिंग जितक्या पटीने कडक होते त्याच्या वर्गमुळाइतका शॉकअप कडक लागतो. २७ टक्के कडक स्प्रिंगला सुमारे १३ टक्के जास्त आवर पुरतो, आणि चांगल्या स्थितीतल्या मूळ शॉकअपला तेवढी तूट सोसते. सहा किलोच्या स्प्रिंगला मात्र मूळच्या दीडपटीहून जास्त आवर हवा. तिथे जुना शॉकअप चालत नाही.

शेवटी खालची मोकळी जागा. २६०० मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीखाली १७० मिमी असतील, तर दोन चाकांमध्ये येणाऱ्या उंचवट्यासाठी साधारण १५ अंशांचा वाव मिळतो. १३५ मिमी उरले की तो १२ अंशांवर येतो. तीन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण उंच स्पीडब्रेकरवर पोट घासणारी गाडी आणि न घासणारी गाडी यांत तेवढाच फरक असतो. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट उतार डोळ्यांसमोर आणून ठरवा.

लोअरिंग स्प्रिंग कुणासाठी

ज्याला गाडी थोडी खाली, थोडी टणक, दिसायला नीटस हवी आहे आणि एकदा बसवून विसरून जायचं आहे, त्याच्यासाठी. इलेक्ट्रॉनिक शॉकअप असलेल्या गाड्यांनाही बहुधा हाच मार्ग सोयीचा. कॉइलओव्हर बसवले तर तो महागडा भाग काढून टाकावा लागतो, डॅशबोर्डवर दिवा पेटू नये म्हणून वेगळे मॉड्यूल लावावे लागते आणि बटण दाबून मऊ-कडक करण्याची सोय जाते. थेट त्या यंत्रणेला जोडले जाणारे कॉइलओव्हरही मिळतात, पण ते वरच्या किंमतीच्या पट्ट्यात.

अट एकच: शॉकअप धडधाकट हवेत. दांड्याभोवती तेलाची ओल, टायरवर खड्डे-खड्डे पडल्यासारखी झीज, स्पीडब्रेकरनंतर दोन-तीनदा झुलणं, यांपैकी काहीही दिसत असेल तर त्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकू नका. गाडी बरीच चाललेली असेल तर स्ट्रट उघडतानाच शॉकअप, वरचं माउंटिंग आणि बेअरिंग बदलून टाका. मजुरी तीच लागते.

इथे आखूड दांड्याचे शॉकअप ही फार चांगली सोय आहे, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. बिल्स्टीनचा बी८ मुद्दाम खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला आहे, तर बी६ मूळ उंचीसाठी. बी८ आणि आयबाखच्या स्प्रिंगा एकत्र करून बी१२ नावाचा संच विकला जातो. जुळलेली जोडी, आखूड शॉकअप, फिरवायला रिंग नाही. माझं मत विचाराल तर रस्त्यावर चालणाऱ्या दहापैकी सात-आठ गाड्यांना असा संचच शोभतो.

बंपस्टॉपबद्दल: स्प्रिंग बनवणाऱ्याने ठोकळा अमुक इतका कापा असं सांगितलं असेल किंवा आखूड ठोकळा सोबत दिला असेल तर तेच करा. सांगितलं नसेल तर हात लावू नका, आणि काढून तर कधीच टाकू नका. ठोकळा नसला की शॉकअपच्या आत धातूवर धातू आपटतो.

मूळ स्प्रिंग ग्राइंडरने कापून गाडी खाली करण्याचा "जुगाड" इथेच निकालात काढू. कापलेलं टोक बैठकीत बसत नाही, चाक हवेत लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून निसटू शकते आणि कडकपणा किती वाढला याचा पत्ता नसतो. नको.

कॉइलओव्हर: रिंग म्हणजे सगळं नव्हे

कॉइलओव्हर दोन प्रकारचे असतात आणि दुकानात हा फरक आपणहून कुणी सांगत नाही.

पहिल्या प्रकारात फक्त स्प्रिंगखालची रिंग फिरते. रिंग खाली नेली की गाडी खाली येते आणि शॉकअपचा दांडा तितका आत जातो, म्हणजे गाडी खाली जाईल तशी हालचाल कमी होते. बिल्स्टीन बी१४ किंवा केडब्ल्यूचे व्ही१ असे आहेत. शॉकअप आखूड असल्याने बनवणाऱ्याने ठरवलेल्या उंचीच्या पट्ट्यात ते उत्तम चालतात. पट्ट्याच्या खाली नेले तर लोअरिंग स्प्रिंगचंच दुखणं पुन्हा.

दुसऱ्या प्रकारात शॉकअपची सगळी नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर वर-खाली होते. बीसी रेसिंगसारखे अनेक संच या धाटणीचे. उंची ब्रॅकेटवर ठरते, स्प्रिंग आणि शॉकअपची हालचाल तशीच राहते. कागदावर हे सरस, पण शॉकअपला जागा उरली म्हणून चाकाला उरते असं नाही. खूप खाली नेल्यावर टायर आतल्या लायनरला घासतो किंवा ड्राइव्ह शाफ्ट चॅसीला लागतो.

"स्प्रिंग आवळली की गाडी कडक होते" हा समज फार पसरलेला आहे. एकसारख्या कडकपणाच्या स्प्रिंगला आधी थोडं दाबून बसवलं तरी तिचा मिलिमीटरमागचा कडकपणा बदलत नाही, फक्त गाडी वर येते. अपवाद एकच: आधीचा दाब त्या चाकावरच्या वजनापेक्षाही जास्त झाला, तर स्प्रिंग हलायलाच तयार होत नाही आणि गाडी दगडासारखी आपटते. म्हणून ब्रॅकेटवाल्या संचात रिंग स्प्रिंगचा खुळखुळाट जाईपर्यंत आणि बनवणाऱ्याने सांगितले तितके मिमीच आवळायची. उंचीसाठी ती रिंग फिरवायची नाही.

पहिल्या प्रकारात मुख्य स्प्रिंगवर कधी एक चपटी, बारीक स्प्रिंगही असते. गाडी उभी असताना ती पूर्ण दबलेली असते आणि काहीच करत नाही असं दिसतं. चाक हवेत लोंबकळतं तेव्हा मुख्य स्प्रिंगला जागेवर धरून ठेवणं हे तिचं काम. गाडी अजून खाली जावी म्हणून ती काढून टाकणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

मऊ-कडक करण्याच्या खुंट्यांबद्दलही भ्रम नको. केडब्ल्यूच्या व्ही१ मध्ये शॉकअपचा आवर ठरलेला असतो, व्ही२ मध्ये परतीचा (दबलेली स्प्रिंग उघडतानाचा) आवर बदलता येतो, व्ही३ मध्ये दाब आणि परत दोन्ही वेगवेगळे. एकाच खुंटीच्या, तीस क्लिकच्या बऱ्याच संचांत दोन्ही एकत्र बदलतात. क्लिक जास्त म्हणजे शॉकअप चांगला असं समीकरण नाही. तुमच्या गाडीच्या वजनासाठी नीट व्हॉल्व्हिंग केलेला, एकही खुंटी नसलेला शॉकअप तीस क्लिकच्या सामान्य शॉकअपपेक्षा कितीतरी चांगला. विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारा: स्प्रिंग किती किलोची आहे, सील आणि सुटे भाग मिळतात का, आणि शॉकअप उघडून पुन्हा भरून मिळतो का. उत्तरं गोलमाल आली तर पुढच्या दुकानात जा.

वरचं माउंटिंग रबराचं की धातूच्या गोळ्याचं हेही बघून घ्या. गोळ्याचं माउंटिंग स्टिअरिंगला धार आणतं, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलायची सोय देतं आणि प्रत्येक खडा कानापर्यंत पोचवतं. रस्त्यावरच्या गाडीला रबरच बरं.

स्वस्त कॉइलओव्हर हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत वाईट पर्याय. त्याच पैशांत चांगल्या लोअरिंग स्प्रिंगा आणि नवे शॉकअप येतात, आणि ती गाडी जास्त चांगली चालते. मधली एक वाटही आहे: मूळ शॉकअप तसेच ठेवून फक्त आटे असलेली बैठक आणि आखूड स्प्रिंग देणारे संच. काही गाड्यांसाठीच मिळतात, पण इलेक्ट्रॉनिक शॉकअपवाल्यांनी जरूर चौकशी करावी.

खाली गेल्यावर बाकीचं काय बिघडतं

हे दोन्ही पर्यायांना सारखंच लागू.

पुढचे लोअर आर्म, म्हणजे चाक बॉडीला जोडणारे खालचे दांडे, बघा. मूळ उंचीला ते चाकाकडे किंचित उतरते असतात. गाडी खाली आली की आडवे होतात, आणखी खाली गेली की चाकाकडचं टोक वर जातं. मॅकफर्सन गाडीत आर्म असे उलटे झाले की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गाडीच्या वजनापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. परिणामी वजन खाली येऊनही वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू पाहते, आणि ते झाकायला आणखी कडक स्प्रिंग लागते. चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा कोनही बदलतो, त्यामुळे एकाच चाकाला खड्डा लागला की स्टिअरिंग हातात हिसका मारतं. आर्म आडवे होतील तिथे थांबणं हा साधा, फुकटचा नियम आहे. पुढे जायचंच असेल तर लांब दांड्याचे बॉल जॉइंट लावून कोन परत आणावे लागतात.

टायर आतल्या बाजूने झिजतो त्याचं खापर नेहमी कॅम्बरवर फोडलं जातं. लोअर केल्यावर कॅम्बर थोडा वाढतो हे खरं, पण टायर खरा खातो तो बिघडलेला टो, म्हणजे वरून बघताना चाकांचं तोंड सरळऐवजी आत किंवा बाहेर वळलेलं असणं. म्हणून अलाइनमेंट ऐच्छिक नाही.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी एकच पिळवटणारी तुळई) असेल तर तिथे फारसं काही बदलता येत नाही. आडव्या पॅनहार्ड रॉडने (अ‍ॅक्सल बाजूला सरकू नये म्हणून बॉडीला जोडणारा दांडा) धरलेला अख्खा अ‍ॅक्सल असेल तर गाडी खाली आल्यावर तो एका बाजूला सरकतो, आणि लांबी बदलता येणारा रॉड लागतो.

जुन्या गाड्यांत आणि पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला एका दांड्याने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी भरली की बॉडी खाली बसते, दांडा वळतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी लोअर केली की रिकाम्या गाडीतही व्हॉल्व्हला वाटतं माल भरलाय. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. असा व्हॉल्व्ह असेल तर तो नव्या उंचीला जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

ठरवताना

केबल टायने जागा भरपूर दाखवली, तीस मिमीच्या आत समाधान आहे आणि शॉकअप तरुण आहेत: लोअरिंग स्प्रिंग. शॉकअप दमलेत किंवा जागा बेताची आहे: स्प्रिंग आणि आखूड शॉकअपचा जुळलेला संच. चाळीस मिमीच्या पुढे जायचं आहे, रुंद चाकांसाठी उंची मिलिमीटरवर बसवायची आहे, किंवा ट्रॅकवर जाऊन चारही कोपऱ्यांचं वजन जुळवायचं आहे: कॉइलओव्हर, आणि तेही चांगले. स्वतःला एक प्रश्न मात्र प्रामाणिकपणे विचारा: बसवल्यानंतर मी ही रिंग पुन्हा फिरवणार आहे का? बहुतेकांची रिंग पहिल्या आठवड्यानंतर कधीच फिरत नाही, आणि मग आट्यांचे पैसे मातीत जातात. गाडीत नेहमी पाच माणसं आणि सामान असेल तर वरच्या सगळ्या आकड्यांतून दहा-पंधरा मिमी कमी करा.

वाहन नियम आणि विमा यांचं देशोदेशी वेगळं असतं. खरेदीआधी दोन्हीकडे विचारून घ्या, बसवल्यावर नाही.

बसवताना

चाकं काढून बॉडी जॅकवर नाही, घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा. एबीएस सेन्सरची वायर आणि ब्रेकचा पाइप स्ट्रटवरून आधी सोडवा, लिंक रॉड (स्ट्रट अँटी-रोल बारला जोडणारा छोटा दांडा) सोडवा. खालच्या बोल्टपैकी एखादा कॅम्बरचा असेल तर काढण्याआधी खडूने खूण करा. हबला आधार द्या, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका.

स्ट्रट बाहेर आला की सगळ्यात धोक्याचा टप्पा. त्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोचा दाब कोंडलेला असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर लावा, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळा, आणि स्प्रिंग बैठकीवर सैल हलायला लागली याची खात्री झाल्याशिवाय वरचा नट ढिला करू नका. स्प्रिंगच्या टोकाच्या रेषेत तोंड किंवा हात नको. कॉम्प्रेसर जुनाट असेल किंवा हे काम आधी केलेलं नसेल, तर सुटे स्ट्रट घेऊन गॅरेजमध्ये जा. यात कमीपणा काही नाही.

वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावायची नाही. शॉकअपचा दांडा गरगर फिरतो आणि सील खराब होतं. अ‍ॅलन कीने दांडा धरा आणि वाकड्या रिंग पान्याने नट फिरवा. वायसर, बेअरिंग, माउंटिंग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओळीत मांडून फोटो काढा. बेअरिंग उलटं बसलं तर स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग टणकन वाजते.

नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलंय का बघा. वर-खाली ओळखायला स्प्रिंगवर छापलेलं नाव सुलटं वाचता यायला हवं. कॉइलओव्हर असतील तर गाडीत घालण्याआधी टेबलावरच डाव्या-उजव्या जोडीचे आटे मोजून सारखे करा आणि खालच्या ब्रॅकेटमध्ये आटे बनवणाऱ्याने सांगितलेल्या किमान खोलीपर्यंत गेलेत हे तपासा. आटे कोरडे ठेवू नका, गंज रोखणारं ग्रीस हलकंसं लावा.

आता बहुतेक गॅरेजमध्ये चुकणारी गोष्ट. रबरी बुशमधून जाणारे बोल्ट चाकं हवेत असताना आवळून टाकतात. बुशचं रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटलेलं असतं. हवेत आवळलं तर गाडी खाली ठेवताच ते पिळलं जातं, कायम ताणात राहतं, काही महिन्यांत फाटतं आणि तोवर गाडी अपेक्षेपेक्षा वर बसलेली दिसते. म्हणून हे बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर उतरवा, थोडी हलवून बसू द्या आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्यावर आवळा. एकदाच वापरायचे नट नवेच घ्या.

चाक लावून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा: टायर, पाइप, वायर, लिंक रॉड, काही घासतंय का. कॉइलओव्हरमध्ये लिंक रॉडची लांबी हमखास तपासा.

बसवल्यानंतरचे काही आठवडे

पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये स्प्रिंगा काही मिमी बसतात. त्याआधी अलाइनमेंट केलीत तर ती पुन्हा करावी लागेल. तोवर टो ढोबळ सरळ करून सावकाश चालवा. मग हबपासून मडगार्डपर्यंत पुन्हा मोजा आणि जुन्या आकड्यांशी ताडून बघा. कॉइलओव्हरची एक रिंग वर नेली की समोरच्या तिरक्या कोपऱ्यावरचं वजनही वाढतं, म्हणून एका कोपऱ्याची उंची दिसण्यापुरती सरळ करण्याच्या नादात बाकीचे तीन बिघडवू नका.

खुंट्या असतील तर पूर्ण कडक टोकापासून मागे मोजत या आणि मधोमध सुरुवात करा. एकाच ओळखीच्या रस्त्यावर, एका वेळी दोन-तीन क्लिक, दोन्ही बाजूंना सारखे. स्पीडब्रेकरनंतर गाडी वर तरंगत असेल तर परतीचा आवर वाढवा. उलट लागोपाठच्या खड्ड्यांत पहिला मऊ, तिसरा-चौथा दणकन लागत असेल तर परतीचा आवर जास्त झालाय: स्प्रिंगला परत उघडायला वेळ मिळत नाही आणि गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक खाली खाली जाते. अशा वेळी लोक घाबरून आणखी कडक करतात.

हेडलाइट अलाइनमेंटच्या दिवशीच तपासून घ्या. मागची बाजू जास्त खाली बसली असेल तर झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो. आपोआप उंची राखणारे हेडलाइट असतील तर त्यांचा सेन्सर लोअर आर्मला जोडलेला असतो, त्याला नवी उंची शिकवावी लागते. काचेमागे कॅमेरा आणि लेन राखण्याची यंत्रणा असेल तर तिचं कॅलिब्रेशनही बघावं लागतं.

वर्षातून एकदा, चिखलाचे दिवस संपल्यावर, कॉइलओव्हरचे आटे मऊ ब्रशने आणि पाण्याने धुवा, वाळवा आणि रिंग एक-दोन फेरे फिरवून परत खुणेवर आणा. समुद्रकाठी किंवा रस्त्यावर मीठ टाकतात अशा ठिकाणी हे जास्त वेळा करा, नाहीतर रिंग आणि नळी एकजीव होतात आणि पाना घसरून रिंगेचे दात जातात. काढलेल्या मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप पुढचे-मागचे, डावे-उजवे अशी नावं लिहून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना किंवा तपासणीच्या वेळी ते लागतात, आणि तेव्हा बाजारात शोधायला गेलात तर जुनेच गळके मिळतात.